हयातीचा दाखला

नोव्हेंबर उजाडला की आमच्या शाखेत पेन्शनरांची रांग लागते. आदल्या संध्याकाळी कट्ट्यावर माझ्याशी तावातावाने भांडलेले गृहस्थ काउंटरपुढे साक्षात उभे असतात, आणि मी चेहरा कोरा ठेवून विचारतो, "हयातीचा दाखला?" हल्ली हे काम मोबाईलवरही होते, पण कारकुनाला चार शब्द सुनावण्याची सोय मोबाईलमध्ये नसल्याने जुनी मंडळी येतातच.

माझे म्हणणे असे की, हा दाखला माणसांपेक्षा कॉम्प्युटरमधल्या माहितीकडे मागायला हवा. माणूस गेला तर निदान शेजाऱ्यांना कळते. माहिती गेलेली कोणालाच कळत नाही.

आमच्या शाखेतला नवा अधिकारी, वय वर्षे सव्वीस, मला धीर देतो, "सर, सगळं क्लाउडवर आहे. टेन्शनच नाही." हे 'टेन्शन नाही' मी या नोकरीत चौथ्यांदा ऐकतो आहे.

२००२ साली बी.कॉम.ची पदवी घेऊन मी बँकेला चिकटलो, तेव्हा ते फ्लॉपीबद्दल ऐकले. साडेतीन इंचांची ती वस्तू, पोटात १.४४ एमबी. शाखेचा हिशेब तिच्यावर भरून शिपायाबरोबर वरच्या ऑफिसात जाई. आमचे जावक कारकून जुन्या वळणाचे. शिक्क्याशिवाय शाखेबाहेर चिटोरेही जाता कामा नये, म्हणून मी भरलेल्या पहिल्याच फ्लॉपीवर त्यांनी सर्व शक्तीनिशी गोल शिक्का हाणला. शिक्का सुरेख उठला. हिशेब काही उठला नाही.

मग सीडी आली, टेन्शन गेले. मग पेन ड्राइव्ह आला, पुन्हा गेले. सोनीने २०११ साली जपानात फ्लॉपी विकणेही थांबवले. एखादी फ्लॉपी कपाटात धडधाकट असेलही हो. पण ती घालायची कुठे? किल्ली हातात आहे, दारच कोणीतरी उचलून नेले.

जागा वाढली, हे मी नाकारत नाही. १९५६ साली आयबीएमने 'रॅमॅक' नावाचे यंत्र काढले. दोन-दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या, वजन टनाच्या घरात, आणि मावायची ५० लाख अक्षरे. १२८ जीबीचा माझा मोबाईल असल्या २५ हजार यंत्रांइतकी जागा खिशात घेऊन हिंडतो. तिच्यात ठेवले काय, तर 'शुभ सकाळ'चे गुलाब! जागा तुटपुंजी होती तेव्हा ठेवावे काय आणि टाकावे काय, याचा विचार तरी करावा लागे. आता तो त्रासही वाचला.

पण मोठी जागा म्हणजे टिकाऊ जागा नव्हे. इंग्लंडच्या विल्यम राजाने १०८६ साली गावोगावच्या जमिनींची पाहणी करून घेतली. ते 'डूम्सडे बुक' चामड्यावर लिहिलेले. त्याला ९०० वर्षे झाली म्हणून १९८६ साली बीबीसीने शाळकरी पोरांपासून सगळ्यांना कामाला लावून देशाची नवी पाहणी केली आणि ती लेसर डिस्कवर ठेवली. पुरती वीस वर्षेही झाली नाहीत, तोच ती डिस्क वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली आणि आतला मजकूर सोडवायला तज्ज्ञ बसवावे लागले. राजाचे चामडे मात्र लॅटिन येणाऱ्याला आजही वाचता येते.

आता तुम्ही म्हणाल, हा कारकून लेजरच्या आठवणीने गळा काढणार. मुळीच नाही. २६ जुलै २००५ च्या पावसात आमच्या तळघरातल्या लेजरांचा लगदा झालेला मी स्वतःच्या हातांनी उपसला आहे. दुसऱ्या गावच्या कॉम्प्युटरमध्ये नक्कल होती म्हणून खातेदार वाचले, आणि आम्हीही. तेव्हा कागद संत आणि कॉम्प्युटर भामटा, असे माझे म्हणणे नाही. भामटे आहे ते 'टेन्शन नाही' हे वाक्य. क्लाउड म्हणजे तरी काय? दुसऱ्याच्या घरातल्या डिस्का. भाडे थकले की बिऱ्हाड रस्त्यावर.

आई वर्षातून एकदा ट्रंक उघडून पैठणीची घडी मोडायची आणि दुसऱ्या बाजूने घालायची. तीच घडी राहिली तर जर तुटते, म्हणायची. माहितीचेही तेच. जुन्या चकतीवरून नव्या चकतीवर, दर थोड्या वर्षांनी, कोणीतरी घडी मोडावी लागते. ते 'कोणीतरी' यंत्र नसते. ते आपण असतो, आणि आपण आळशी असतो.

माझेच सांगतो. २००४ साली अण्णांची साठी झाली. त्या दिवशी ते खुशीत येऊन बहात्तरच्या दुष्काळातल्या मिलोच्या भाकरीपासून आमच्या जन्मापर्यंत तासभर बोलले. भाच्याने ते टिपून सीडी करून दिली. मी ती माळ्यावर ठेवली. २०१६ साली अण्णा गेले. २०२० साली, घरी अडकून पडलो असताना, सीडी काढली. लिहायच्या सीडीत मजकूर धरून ठेवणारा एक रंग असतो; उष्णतेने, दमटपणाने तो विटतो. सोळा उन्हाळे पत्र्याखाली काढल्यावर त्याने तरी किती तग धरायचा? सीडी घरघरली, फिरली, थांबली. दुकानदारानेही हात टेकले.

शेजारीच अण्णांची हिशेबाची लाल वही होती. '४ जून १९७८. छत्री दुरुस्ती, १ रु. २५ पैसे.' छत्रीचे सव्वा रुपये राहिले, अण्णांचा आवाज गेला. दोष सीडीचा नाही. सोळा वर्षांत मी तिला एकदाही विचारले नाही, बाई गं, आहेस का?

म्हणून वाचकहो, नोव्हेंबरात एक दिवस काढा. प्रत्येक चकती, प्रत्येक पेन ड्राइव्ह लावून, उघडून, ऐकून बघा. दोन नकला करा, एक दुसऱ्या घरी ठेवा. आणि लाडका आवाज असेल तर आजच.

अण्णा स्वतः दरवर्षी दाखला देताना कुरकुरायचे, "समोर दिसतोय ना जिवंत?" दिसण्यावर बँक विश्वास ठेवत नाही, आणि बँकेचे बरोबर आहे. त्या सीडीवर 'अण्णा – साठी' ही माझी अक्षरे अजून स्वच्छ दिसतात.