बावन्न हक्क, पण पगार एकही नाही : 'पोर्टफोलिओ करिअर' नावाचे नवे बलुते

करिअर मार्गदर्शनाच्या शिबिरांत आणि मोबाईलवरच्या रील्समध्ये सध्या एकच मंत्र घुमतो आहे : एका नोकरीला चिकटून राहू नका, चार कामे हातात ठेवा, स्वतःचे मालक बना. याला 'पोर्टफोलिओ करिअर' असे भारदस्त नावही मिळाले आहे. हा मंत्र आपल्या पोरांना सांगणाऱ्यांना आमचा एक प्रश्न आहे. चार कामे करून एकाचाही धड पगार न मिळणे ही गोष्ट तुम्हाला नवी वाटते? आमच्या आज्या-पणज्यांनी तीच जिंदगी काढली.

गावकीचा महार आठवा. निरोप पोचवणे, मयताची खबर देणे, वेशीची राखण, सरकारी अंमलदाराचे ओझे वाहणे, शेताच्या बांधाचा वाद निघाला की साक्ष देणे, मेलेले ढोर ओढणे. कामाला तास नाहीत, सुट्टी नाही. घरातला एक आजारी पडला तर दुसऱ्याने हजर व्हायचे. हक्क म्हणायला बावन्न. हातात पडायचे ते खळ्यावरचे मूठभर धान्य आणि दारोदार फिरून मागितलेली भाकरी. आपल्याच जिल्ह्यातल्या, अकोले तालुक्यातल्या धामणगावच्या दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हे नाव दिले, ते उगाच नाही.

बाबासाहेबांनी या व्यवस्थेवर नेमका कुठे घाव घातला? १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. १८७४ च्या वतन कायद्याने बांधलेली ही गुलामी मोडायची होती. काम काय ते ठरवा, मोबदला ठरवा आणि ज्याला सुटायचे त्याला जमिनीसह सुटू द्या, हा त्या विधेयकाचा गाभा. ते पुढे मागे घ्यावे लागले. कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने संपायला १९५८ साल उजाडले. पण तोवर आपली माणसे गाव सोडून मुंबईच्या गोदीत, रेल्वेत, गिरण्यांत शिरली होती. तिथेही जात होतीच. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून कापडखात्याची जादा पगाराची जागा आपल्याला बंद होती. तरीही महिन्याचा ठरलेला पगार हातात आला आणि गावकीला 'नाही' म्हणायची ताकद आली. पोरांच्या शाळा त्या पगारावर झाल्या. स्थिर पगाराची ही किंमत ज्यांना कळत नाही, त्यांनी आम्हाला जोखीम घ्यायला शिकवू नये.

कुणी म्हणेल, ती जुनी गोष्ट झाली. मग आजचा जिल्हा बघा. पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून दर हंगामाला हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची, ती फिटेपर्यंत राबायचे, परत आल्यावर मिळेल ते काम करायचे. वर्षभरात चार धंदे! याला कुणी पोर्टफोलिओ म्हणत नाही. सहकारी साखर कारखानदारीचा पाया याच जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी लोणीला घातला गेला. ऊस घालणारा त्या कारखान्याचा सभासद झाला. ऊस तोडणारा मात्र साधा कामगारसुद्धा झाला नाही. कारखाना म्हणतो, तो मुकादमाचा माणूस. मुकादम म्हणतो, मी तर फक्त टोळी पुरवतो.

आता हीच युक्ती मोबाईलमध्ये आली आहे. नगर शहरात आपली पदवीधर मुले दिवसा नागापूर एमआयडीसीत ठेकेदाराकडे राबतात, रात्री पार्सल पोचवतात, लग्नसराईत वाढप्याचे काम करतात. पेट्रोल त्यांचे, गाडीचा हप्ता त्यांचा, अपघात झाला तर हाडेही त्यांचीच. कंपनी त्यांना कामगार म्हणत नाही, 'पार्टनर' म्हणते. नफ्यात वाटा नसलेला हा कसला पार्टनर? नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात असे ७७ लाख कामगार होते. २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांची दखल घेतली, पण मालक-नोकर या नात्याबाहेरचे म्हणून. म्हणजे कल्याणनिधी मिळेल तेव्हा मिळेल. मालक मात्र कागदावर कुणीच नाही.

आमच्यातलेही काही जण म्हणतात, निदान इथे साहेबाची बोलणी नाहीत, आडनाव विचारणारा कुणी नाही. या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते आम्ही नाकारत नाही. पण ज्याच्या पाठीशी दहा एकर बागायत आहे त्याने चार धंदे केले तर तो उद्योजक ठरतो. ज्याच्याकडे हाडकी-हाडोळ्याचा तुकडाही उरला नाही, त्याच्यासाठी एक महिना काम बंद म्हणजे सावकाराचे दार. स्वातंत्र्य दोघांना सारखे कसे असेल?

आणि आरक्षणाचे काय? ते पदाला लागते. पदच राहिले नाही तर बिंदुनामावली कशाला लावणार? सप्टेंबर २०२३ मध्ये खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय निघाला होता. तरुणांनी राज्यभर विरोध केला आणि ऑक्टोबरमध्ये सरकारला तो रद्द करावा लागला. लढले की मागे हटतात, हे आपण पाहिले आहे.

म्हणून आमचे सांगणे आहे. चार कामे करावी लागत असतील तर जरूर करा, पोट कुणाला चुकले नाही. पण त्याला करिअर समजून गप्प बसू नका. तास, किलोमीटर, पेट्रोल आणि हातात उरलेला पैसा रोज वहीत लिहा. उद्या मागणी मांडताना तीच वही पुरावा होईल. ई-श्रमवर नोंदणी करा. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये गिग कामगारांसाठी कायदा केला, तसा महाराष्ट्रातही हवा, आणि त्यात किमान मोबदल्याची हमी हवी. रिक्त सरकारी पदे कायमस्वरूपी भरा, ही मागणी प्रत्येक मोर्चात असली पाहिजे. आणि ऊसतोडीच्या कोयत्याला व पार्सलच्या पिशवीला एकाच संघटनेत आणा, कारण दोघांचा मालक सारखाच लपलेला आहे.

७ नोव्हेंबर १९३८ रोजी बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने संपाचा हक्क हिरावणाऱ्या विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप घडवला. मजूरमंत्री म्हणून १९४६ साली त्यांनीच आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयक मांडले. त्यांनी मिळवून दिलेले तास आपण 'पार्टनर' या एका शब्दावर विकायचे का?

बलुते आपल्या बापजाद्यांनी नाकारले. ते मोबाईलवर आले म्हणून आपण स्वीकारणार नाही.

जय भीम!