खांब गाड्यांना, भराव शेतकऱ्याला



मलकापूरच्या नाक्यावर उभे राहून वर बघा. महामार्गाच्या सहापदरीकरणात जुना उड्डाणपूल पाडून खांबांवरचा लांबलचक नवा पूल घेतला. का, तर गाड्यांची कोंडी नको. आमची हरकत नाही. सवाल एवढाच, की गाड्यांना खालून जायला जागा ठेवता, मग कृष्णा-कोयनेच्या पाण्याला का नाही?

नदीवर पूल घ्यायचा झाला की पात्रापुरते खांब घालायचे आणि दोन्ही काठांच्या मळीत मातीचा भराव ओतायचा, ही साहेबांची काटकसर. पूर आला की नदी पात्रात मावत नाही, मळीतून वाहते. तिथे भराव आडवा आला की त्याचेच धरण होते. वरच्या अंगाला पाणी फुगते. वाहत्या पाण्यातून ऊस एक वेळ वाचतो. पोंग्यात गाळ बसून पाणी थांबले की कुजतो. शिवाय वाट अरुंद केली की धार वाढते आणि ती खांबांची बुडे खरवडते. म्हणजे पुलालाही धोकाच. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल एस.टी. गाड्यांसकट पुरात गेला, तेव्हा सगळ्यांना पुलांची आठवण झाली. किती दिवस टिकली?

साहेब सांगतात, आम्ही शंभर वर्षांचा पूर धरतो. ऐकायला बरे वाटते. त्याचा अर्थ, त्याहून मोठा पूर यायची शक्यता दरवर्षी शंभरात एक. पूल शंभर वर्षे उभा राहिला, तर तेवढ्या काळात असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता 63 टक्के. तेही पाऊस जुन्या वहीप्रमाणे पडला तर. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट. 2005 ला पाणी 54 फुटांच्या घरात गेले, 2019 ला 57 च्या वर, 2021 ला पुन्हा 55 च्या आसपास. त्याच 2021 च्या जुलैत महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला. वही बदलायला अजून काय व्हावे लागते?

भराव काढून गाळे वाढवले तर खर्च वाढतो म्हणे. खर्च आजही होतोच, तो आमच्या सातबाऱ्यावर पडतो म्हणून अंदाजपत्रकात दिसत नाही. आणि 2019 व 2021 ला शिरोलीपाशी पंचगंगेच्या पाण्याने महामार्ग बंद पडला, दिवसेंदिवस मालाचे ट्रक थांबले, ते कोणाच्या खाती?

आमची मागणी साधी आहे. टेंडर काढण्याआधी चावडीवर लिहून लावा: या पुलामुळे कोणत्या गटात पाणी किती इंच चढेल आणि किती दिवस थांबेल. तो आकडा काढल्याशिवाय भरावाची एक पाटीही पडता कामा नये.

बैठकीला येताना प्रत्येक गावाने 2019 आणि 2021 ला पाणी कुठवर आले होते त्या खुणा गट नंबरासह लिहून आणाव्यात.