पुदिन्याचे संकरित वाण आणि व्यापाऱ्याचे कर्तव्य

धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने पुदिन्याविषयी लिहावे, याचे काही सभासद बंधूंना नवल वाटेल. परंतु आपल्या संस्थेत किराणा, मसाला, आयुर्वेदिक औषधे, साबण व सुगंधी द्रव्ये यांचे व्यापारी थोडेथोडके नाहीत. त्यांच्या मालात मेंथॉल, म्हणजे आपण ज्यास पिपरमिंटचे फूल म्हणतो ते, या ना त्या रूपाने येतेच. अमृतधारेची बाटली ज्या घरात नाही असे घर आपल्या समाजात क्वचितच सापडेल. शिवाय नव्या वाणाचा शोध लागतो तेव्हा त्याचे खरे मोल अखेर बाजारात ठरते, हा अनुभव धान्याच्या व्यापाऱ्यास अधिक आहे. त्या अनुभवाच्या आधारे चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे.

संकर ही मनुष्याचीच करामत आहे असे नव्हे. ज्यास जग पेपरमिंट म्हणते ती वनस्पती स्वतःच संकरातून जन्मली. साधा हिरवा पुदिना व पाणवठ्यालगतचा पाणपुदिना यांचा निसर्गतः संयोग होऊन ती निर्माण झाली आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिची नोंद केली. पण ही संतती वांझ आहे. तिला बी धरत नाही, म्हणून जमिनीतले मुनवे तोडून लावावे लागतात. भारतात जो पुदिना तेलासाठी पिकतो तो मात्र निराळा. तो जपानी पुदिना. व्यापारात त्याला मेंथा म्हणतात. पेपरमिंटच्या तेलात मेंथॉल साधारणपणे निम्म्याच्या आसपास असते, तर मेंथ्याच्या तेलात ते शेकडा 70 ते 80 पर्यंत भरते. तेल थंड केले की त्यातून स्फटिक वेगळे निघतात; तेच आपले फूल.

या पिकाचा इतिहास व्यापाऱ्याने अवश्य ध्यानात ठेवावा. दुसऱ्या महायुद्धापूर्वी मेंथॉलचा जागतिक बाजार जपानच्या हातात होता आणि होक्काइडो बेटावरील किटामी हे गाव त्याचे माहेरघर होते. युद्धाने तो व्यापार मोडला; तो ब्राझीलकडे गेला, पुढे चीनकडे सरकला आणि 1990 नंतर भारताकडे आला. आज जगातील नैसर्गिक मेंथॉलचा फार मोठा वाटा उत्तर प्रदेशातील बाराबंकी, संभल, बदायूं, रामपूर या भागांतून जातो. तात्पर्य, हा व्यापार कोणाच्याही घरी कायम राहिलेला नाही.

तो भारतात आला त्यात हवामानाचा भाग आहे, तसाच संशोधकांच्या श्रमाचाही आहे. 1950 च्या दशकात हे रोप जपानहून आणले गेले. 1959 साली औषधी वनस्पतींची केंद्रीय संस्था स्थापन झाली. आज ती लखनौ येथे असून सीमॅप या नावाने ओळखली जाते. कालका, शिवालिक, गोमती, हिमालय, कोसी, सक्षम, कुशल, सिम-क्रांती अशी वाणांची मालिकाच पुढे आली. त्यांपैकी कोसी लवकर तयार होत असल्यामुळे बटाटा किंवा गहू निघाल्यावर व पाऊस पडण्यापूर्वी मोकळ्या राहणाऱ्या रानात ती घेता येऊ लागली. शेतकऱ्याला एक जादा पीक मिळाले, तेही रोख पैशाचे.

नवा वाण करणाऱ्याचे काम दिसते तेवढे सोपे नाही. दोन गुणी झाडांचा संकर करून हजारो रोपे वाढवावयाची, प्रत्येकाचे तेल काढून तपासावयाचे आणि त्यांतून एखादेच निवडावयाचे. पाला भरपूर असून चालत नाही. तेल पानांवरील सूक्ष्म ग्रंथींत असते, काडीत जवळजवळ नसतेच. म्हणून काडी थोडी व पान अधिक असे झाड हवे. शंभर किलो ओल्या पाल्यातून अर्धा ते एक किलो तेल निघते, यावरून प्रत्येक पानाची किंमत कळावी. पुन्हा त्या तेलात मेंथॉल पुरेसे हवे. कोवळ्या पानात मेंथोन नावाचे द्रव्य अधिक असते आणि पान पक्व होताना त्याचे मेंथॉल होते. घाईने कापलेल्या पिकाचे तेल म्हणूनच हलके ठरते. अशा रीतीने पाल्याचे वजन, तेलाचा उतारा आणि मेंथॉलचा टक्का या तिन्ही कसोट्यांस एकच झाड उतरावे लागते.

संकरित ज्वारी व संकरित पुदिना यांत एक मोठा भेद आहे. ज्वारीचे संकरित बी शेतकऱ्याला दरवर्षी नवे विकत घ्यावे लागते. पुदिन्याचे उत्तम झाड एकदा सापडले की मुनव्यांनी त्याची हुबेहूब वाढ करता येते. हा लाभ गरीब शेतकऱ्याचा आहे. परंतु सर्वत्र एकच झाड झाल्याने एक रोग सर्वांना ग्रासू शकतो. अमेरिकेत मिचम नावाच्या पेपरमिंटवर मर रोग पडला तेव्हा हेच घडले. झाड वांझ, म्हणून संकर अशक्य! अखेर मरे नावाच्या संशोधकाने मुनव्यांवर किरणांचा प्रयोग करून, असंख्य रोपांतून रोगाला तोंड देणारे वाण निवडले. ते बाजारात येण्यास 1970 चे दशक उजाडले. एका रोगाच्या उत्तरास इतकी वर्षे लागली.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. 1964 साली सी. एस. एच.-1 ही पहिली संकरित ज्वारी आली. उत्पन्न वाढले, टंचाईच्या काळात तिने पोटे भरली. तिचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण खरिपात पावसात सापडलेला तिचा दाणा काळा पडे आणि भाकरीला मालदांडीची चव नसे. गिऱ्हाईक ती बोटाने चाळून बाजूला सारी. आमच्या रविवार पेठेत दोन्हींचे भाव वेगळे निघत, आणि तेच योग्य होते. भावातील त्या फरकानेच पुढील संशोधकांस सांगितले की नुसते पोते भरून भागत नाही.

पुदिन्याच्या तेलात असा निवाडा डोळ्यांनी होत नाही. ज्वारीचा दाणा तळहातावर घेऊन पारखता येतो; तेल पारखावयास प्रयोगशाळेतील यंत्र लागते. म्हणून पुष्कळ ठिकाणी सर्व तेल एकाच भावाने तोलले जाते. असे झाले की ज्या शेतकऱ्याने शुद्ध वाणाचे मुनवे जपले, पीक पक्व होईपर्यंत धीर धरला, त्याला घाईने व भेसळीने वागणाऱ्याइतकेच मिळते. मग तो पुढच्या वर्षी कशाला धीर धरील? संशोधकाने वीस वर्षे खपून मिळविलेला गुण आपण एका हंगामात तराजूवर घालवून बसतो. माझ्या मते वाण बिघडण्याचे पहिले ठिकाण शेत नसून बाजार आहे.

दुसरे संकट कारखान्यात तयार होणाऱ्या मेंथॉलचे. जर्मनी व जपान येथील मोठे कारखाने ते रासायनिक रीतीने करतात. त्यातील जपानी कृतीशी संबंधित संशोधनाबद्दल नोयोरी यांना 2001 साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. या मालास पावसाची भीती नाही व गुण सदैव एकसारखा. त्यामुळे नैसर्गिक मेंथॉलचा भाव एका मर्यादेपलीकडे गेला की मोठे गिऱ्हाईक तिकडे वळणार. शेतकऱ्यास तारणारे मार्ग दोनच उरतात: चांगल्या वाणाने किलोमागचा खर्च कमी करणे आणि शुद्धतेविषयी विश्वास टिकविणे. पहिला संशोधकाच्या हातात आहे, दुसरा आपल्या. नैसर्गिक तेलात कृत्रिम मेंथॉल मिसळून जो चार पैसे जोडतो तो शेजारच्या शंभर प्रामाणिक दुकानांची पत विकतो. ज्यांनी अचौर्याचे व्रत बालपणीच ऐकले आहे त्यांस याहून अधिक सांगणे नलगे.

काही बंधू म्हणतील की लहान दुकानदारास तपासणीचा खर्च झेपणार नाही. एकट्यास झेपणार नाही हे मान्य. म्हणून असोसिएशनने तेले व मसाले यांच्या तपासणीसाठी एक सामायिक निधी उभारावा, खरेदीच्या वेळी मेंथॉलच्या टक्क्याचा दाखला मागण्याचा प्रघात पाडावा आणि अधिक टक्क्यास अधिक भाव द्यावा, अशी माझी सूचना आहे.

एक इशाराही देतो. भाव चढला की आपल्याकडेही मेंथा लावावा असे काहींच्या मनात येते. हे पीक ऐन उन्हाळ्यात पुष्कळ पाणी पिते. उत्तर प्रदेशात वरंब्यांवर लवकर लागण करून पाणी वाचविण्याची पद्धत याच कारणासाठी काढावी लागली. शिवाय जवळ भट्टी नसेल तर हिरवा पाला दूर वाहून नेणे परवडत नाही. तेव्हा पाणी, भट्टी व गिऱ्हाईक यांचा हिशेब आधी मांडावा, मगच भांडवल गुंतवावे.

शास्त्रज्ञ गुण निर्माण करतो आणि शेतकरी तो वाढवितो. तो ओळखून त्याचे मोल देणे हे व्यापाऱ्याचे काम. ते आपण चोख केले तर किटामीहून निघालेला हा व्यापार आपल्या देशात पिढ्यान्‌पिढ्या नांदेल. सभासद बंधुभगिनींनी या सूचनेचा पुढील सर्वसाधारण सभेत विचार करावा, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.