ऐकीव इतिहासाची सवय

निजामुद्दीनच्या दर्ग्यात बहुतेक लोक औलिया आणि अमीर खुस्रो यांच्या मजारींपाशी थांबून परत फिरतात. त्याच आवारात, चार पावलांवर, संगमरवरी जाळीमागे मुहम्मदशहाची कबर आहे. १७१९ ते १७४८ या काळातला हा मुघल बादशहा ‘रंगीला’ म्हणून ओळखला जातो. परवाच्या रविवारी पुण्याहून आलेल्या भाचीला ती दाखवली. ती गाणं शिकते. म्हणाली, “म्हणजे सदारंगांच्या बंदिशीतला महमदशा? मावशी, मला वाटायचं ते कृष्णाचंच एखादं नाव असेल!”

मी हसले. संध्याकाळी मात्र हसू आलं नाही. दिवसभर हुमायूनचा मकबरा वगैरे पायपीट करून आम्ही संगीताच्या इतिहासावरच्या एका इंग्रजी व्याख्यानाला गेलो. व्याख्याते व्यासंगी होते, पण त्यांचं मुख्य विधान असं की आपल्या संगीताचा इतिहास मौखिक आहे, आणि लिहिलेलं जे थोडंफार आहे ते इंग्रजीत. भातखंडे एका वाक्यात येऊन गेले: संगीताला स्वरलिपीच्या पिंजऱ्यात कोंडणारे वकील. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ पाहिली आहे का, असं मी विचारलं. उत्तर आलं, “ती मराठीत आहे ना?”

हो, मराठीत आहे. १९१० पासून निघालेले चार भाग, गुरु-शिष्यांच्या संवादातून लिहिलेले. शिष्य शंका काढतो, गुरु कुठल्या ग्रंथात काय म्हटलंय आणि आजचे गवय्ये प्रत्यक्ष काय गातात, हे शेजारी ठेवून दाखवतो. जयपूरच्या मुहम्मद अली खाँसारख्या गायकांकडून मिळवलेल्या चिजा ‘क्रमिक पुस्तक मालिके’त आहेत, तीही मूळ मराठी. गोविंदराव टेंबे, बा. र. देवधर, वामनराव देशपांडे यांचं लेखन वेगळंच. हाथरसच्या संगीत कार्यालयाने ‘पद्धती’ हिंदीतही आणली. म्हणजे दिल्लीकरांना मराठी येत नाही, ही सबबसुद्धा पुरत नाही.

गळ्यातून गळ्यात जाणारं कागदावर पुरतं उतरत नाही, हे मान्य. स्वर कसा लावायचा हे पुस्तक शिकवत नाही. पण म्हणून लिहिलेलं नव्हतंच, असं कसं ठरतं? ‘मौखिक’ हा शब्द अलीकडे आळसाचं पांघरूण झाला आहे. जे इंग्रजीत नाही, ते लिहिलेलंच नाही, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. ज्या दिल्लीत भातखंड्यांनी १९१८ साली दुसरी अखिल भारतीय संगीत परिषद भरवली, तिथेच हे ऐकावं लागतं.

आता आपलं घर. व्याख्यात्यांना दोष देणं सोपं आहे. आपण भातखंड्यांच्या तसबिरीला हार घालतो, त्यांच्या पुस्तकांतल्या बंदिशी पाठ करून परीक्षा देतो, आणि ‘पद्धती’ कपाटात ठेवतो. ती वाचली तर अडचणी येतात. ज्या उस्तादांकडून भातखंड्यांनी चिजा घेतल्या, त्यांच्यापैकी अनेकांना शास्त्र कळत नाही असं ते पुन्हापुन्हा म्हणतात, कधी तुच्छतेने. घेणं आणि हिणवणं एकाच माणसाच्या हातून झालं. अनुवाद करायचा तर ही वाक्यं गाळून चालणार नाही, आणि फक्त तीच उचलूनही नाही. त्यांना देव करणाऱ्यांना पहिली सोय हवी असते, आरोपी करणाऱ्यांना दुसरी. मूळ मजकूर दोघांचीही गैरसोय करतो, म्हणूनच तो वाचायला हवा.

माझ्या भाचीने पाच वर्षं एका बादशहाचं नाव गायलं आणि तो कोण हे तिला कोणी सांगितलं नाही. व्याख्यात्यांनी भातखंड्यांबद्दल बोलताना त्यांचं पान उघडलं नाही. दोन्हीकडे नाव घोकणं चालू आहे. संगीताच्या इतिहासावर बोलणाऱ्याने निदान कुठली भाषा आपण वाचलेली नाही, एवढं सुरुवातीला सांगावं. आणि मराठी शिक्षकांनी बंदीश शिकवताना त्यातल्या माणसाची ओळख करून द्यावी. तो निजामुद्दीनला आहे, जाळीमागे.