गुणपत्रिकेत ‘±’ हे चिन्ह का नसावे?

अकरावीच्या पहिल्याच प्रात्यक्षिकाला सरांनी आम्हाला व्हर्नियर कॅलिपर आणि एक धातूचा गोळा दिला. गोळ्याचा व्यास मोजायचा होता. मी एकदाच मोजला आणि वहीत लिहून टाकले : २.५४ सेंटिमीटर. सरांनी आकडा खोडला नाही, पण त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढले. “गोळा फिरवून पाच वेळा मोज, सरासरी काढ आणि उत्तर किती इकडेतिकडे होऊ शकते तेही लिही. त्याशिवाय मोजमाप पुरे होत नाही,” असे ते म्हणाले. पाच वाचनांत तीन निरनिराळे आकडे आले. अखेर मी लिहिले : २.५४ ± ०.०१ सेंटिमीटर.

त्या दिवशी माझ्या दप्तरात दहावीच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स होती. गणित ९१, विज्ञान ८७. तेथे ± हे चिन्ह कोठेच नव्हते. बालवाडीपासूनची माझी एक मैत्रीण जवळच्या कॉलेजच्या यादीतून एका गुणाने मागे राहिली. ५०० पैकी एक गुण, म्हणजे ०.२० टक्के. आता ती रोज दोन बसगाड्या बदलून लांबच्या कॉलेजात जाते. मनात आले, एका लोखंडी गोळ्यासाठी पाच वाचने घ्यायची आणि माणसासाठी मात्र एकच?

परीक्षा हेही एक मोजमापच आहे. आम्हाला विषय किती समजला, हे ती मोजते. मग मोजमापाचे नियम तिलाही लागू नकोत का? त्याच धड्यांवर दुसरी प्रश्नपत्रिका निघाली असती, त्या दिवशी अंगात ताप नसता किंवा उत्तरपत्रिका दुसऱ्या परीक्षकाकडे गेली असती, तर गुण थोडे वरखाली झाले असते. यात कोणाचा दोष नाही. चूक आणि अनिश्चितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेरीज चुकली तर गुणपडताळणी करता येते. अनिश्चितता मात्र उत्तम उपकरणातही उरतेच.

हा विचार नवा नाही. फ्रान्सिस एजवर्थ या संख्याशास्त्रज्ञाने १८८८ साली परीक्षांच्या संख्याशास्त्रावर एक निबंध प्रसिद्ध केला. खगोलशास्त्रज्ञ ताऱ्यांच्या निरीक्षणांतील त्रुटी ज्या गणिताने हाताळतात, तेच गणित त्याने परीक्षेच्या गुणांना लावले. पुढे १९१३ साली अमेरिकेत स्टार्च आणि एलियट यांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतली. कोणी तिला १०० पैकी ३० हूनही कमी गुण दिले, तर कोणी ९० हून अधिक! आणि विषय होता भूमिती, निबंधलेखन नव्हे. आपल्याकडे आदर्श उत्तरे दिली जातात आणि नियामक पुन्हा पाहणी करतात. त्यामुळे हा फरक बराच कमी होतो, पण शून्य होत नाही.

आता थोडे गणित करू. समजा, प्रत्येक विषयाच्या गुणांत ३ गुणांची अनिश्चितता आहे. पाच विषयांची बेरीज केली की ती १५ होत नाही, कारण एका विषयात गुण वाढतात तेव्हा दुसऱ्यात कमीही होऊ शकतात. अशा वेळी ३ ला ५ च्या वर्गमुळाने गुणतात. उत्तर येते सुमारे ६.७, म्हणजे ५०० पैकी जवळजवळ ७ गुण. ज्या मापात ७ गुणांची अनिश्चितता आहे, त्यात एका गुणाच्या फरकाला अर्थ तो किती?

याचा अर्थ परीक्षा बंद करा, असे मी म्हणत नाही. २०२१ साली कोरोनाच्या साथीमुळे दहावीची लेखी परीक्षा झाली नाही. नववीचे गुण आणि शाळांचे अंतर्गत मूल्यमापन यांवर निकाल लागला आणि ९९.९५ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. प्रत्येक शाळेची पट्टी निराळी असली, की मापे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. सर्वांना एकच प्रश्नपत्रिका आणि नाव न पाहता तपासणी, ही परीक्षेची मोठी जमेची बाजू आहे. खेड्यातल्या मुलीला आणि शहरातल्या मुलाला त्यामुळे एकच पट्टी लागते. माझे म्हणणे एवढेच, की पट्टी वापरा, पण तिच्या रेघांपेक्षा बारीक वाचू नका.

अमेरिकेतील सॅट परीक्षेच्या गुणपत्रकावर गुणांच्या जोडीला त्यांची कक्षाही छापतात. विद्यार्थ्याने परीक्षा पुन्हा दिली तर गुण साधारण कोठून कोठपर्यंत येतील, हे त्यावरून कळते. आपल्याला हे का जमू नये? आणि शेवटच्या जागेसाठी दोघांच्या कक्षा एकमेकींत मिसळत असतील, तर वर्षभराची प्रात्यक्षिके किंवा घरापासूनचे अंतर पाहावे. नाहीतर सरळ चिठ्ठी टाकावी. वडीलधारी मंडळी म्हणतील, “रेघ कोठेतरी ओढावीच लागते.” हे खरे आहे, कक्षेलाही शेवटी कड असतेच. पण एका गुणाचा फरक हीसुद्धा पुष्कळदा चिठ्ठीच असते. फक्त आपण तिला गुणवत्ता म्हणतो.

मित्रांनो, माझ्यावर विश्वास ठेवू नका. स्वतः करून पाहा. पाच गुणांच्या एखाद्या प्रश्नाचे उत्तर नाव न घालता लिहा. त्याच्या दहा प्रती काढा आणि आदर्श उत्तरासह दहा जणांना तपासायला द्या. कोणी किती गुण दिले, हे दुसऱ्याला कळू देऊ नका. शिक्षकांनीही यात भाग घ्यावा, अशी माझी त्यांना नम्र विनंती आहे. मग दहाही आकडे फळ्यावर मांडा, सरासरी काढा आणि तिच्यापुढे ± लिहून तुम्हाला मिळालेला आकडा भरा.