दागिन्यांचा मळ आणि दागिन्यांचें तेज

गौरी-गणपतीचे दिवस जवळ आले, अथवा घरांत एखादें लग्नकार्य ठरलें, कीं लॉकरांतले दागिन्यांचे डबे घरीं येतात. मोहनमाळ, ठुशी, पाटल्या, कुड्या, नथ, तन्मणी असे सगळे दागिने एकदां चटईवर मांडले, म्हणजे “फार काळवंडले, जरा उजळून घेऊं” असा उद्गार कोणाच्या तरी तोंडून निघतोच. त्या उजळण्याविषयींच आज दोन शब्द लिहावयाचे आहेत. कारण वर्षानुवर्षांच्या वापरानें जी हानि होत नाहीं, ती अजाणतेपणीं केलेल्या सफाईनें एका दुपारांत होते.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, सोनें स्वतः गंजत नाहीं. २२ कॅरटच्या दागिन्यांत शेंकडा ९१.६ भाग सोनें असून बाकीचा भाग तांबें, रुपें वगैरे धातूंचा असतो. काळवंडतो तो हा दुसरा भाग. त्यावर अंगाचें तेल, घाम, पावडर आणि हळदकुंकू यांचा थर बसतो. हा थर काढणें म्हणजे सफाई. परंतु चरे घालवून नवी झळाळी आणणें ही निराळी क्रिया आहे; तींत सोन्याचा पातळ पापुद्रा दर वेळीं झिजतो. मळ काढला तर कांहीं जात नाहीं. धातु काढला तर तो परत येत नाहीं.

भरीव पाटल्या, बांगड्या, साखळ्या यांना कोमट पाणी आणि सौम्य साबणाचे चार थेंब, किंवा रिठ्याचें पाणी, पुरेसें आहे. दागिना दहा मिनिटें वाडग्यांत भिजवावा, लहान मुलांच्या मऊ ब्रशानें नक्षींतून हलक्या हातानें फिरवावें आणि स्वच्छ पाण्यानें धुवावें. मोरीवर किंवा बेसिनवर हें काम करूं नये. सुटलेला खडा पाण्याबरोबर गेला तर सांपडत नाहीं. नंतर मलमलीवर पूर्ण वाळूं द्यावें. दंतमंजन, राख, रांगोळी यांनीं सोनें घांसूं नये. सोनें मऊ असल्यामुळें बारीक कणही त्यावर ओरखडे पाडतात. ताप पाहण्याची कांचेची नळी फुटली तर हातांतल्या बांगड्या व अंगठ्या आधीं काढाव्या. पारा सोन्यास लागला कीं सोनें पांढरें पडतें.

ठुशी, मोहनमाळ यांचे मणी पुष्कळदां पोकळ असून आंत लाख भरलेली असते. ऊन पाण्यानें लाख मऊ होते, मणी चेपतात. असे दागिने भिजवूं नयेत; ओलसर फडक्यानें पुसावे. कुंदनाच्या जडावांत खड्यामागें पातळ चमकदार पत्रा असतो; तेथें पाणी शिरलें कीं खडा कायमचा निस्तेज दिसतो. पाचूंतील सूक्ष्म चिरा बहुधा तेलानें भरलेल्या असतात. ऊन पाणी आणि यंत्रांतील धुलाई त्याला सोसत नाहीं. हिरा मात्र साबणाच्या पाण्यानें निर्धास्त धुवावा. नवरत्नाच्या अंगठींत मोतीं आणि पोंवळें असतात, म्हणून ती सर्वांत नाजूक रत्नाच्या मानानें हाताळावी.

सर्वांत अधिक जपावयाची ती नथ. मोतीं मुख्यतः खडू आणि संगमरवर ज्या द्रव्याचे, त्याच द्रव्याचें, कॅल्शियम कार्बोनेटाचें, बनलेलें असतें. अम्ल लागलें कीं तें विरघळूं लागतें. देवांचीं तांब्यापितळेचीं उपकरणीं ज्या चिंचेनें किंवा लिंबानें आपण लखलखित करतों, त्याच हातांनीं, हात न धुतां, नथ उचलूं नये. तेल, अत्तर, पावडर सर्व झाल्यावर मोतीं शेवटीं घालावें, आणि उतरवितांना सर्वांआधीं उतरवावें. मग किंचित् ओल्या मऊ फडक्यानें पुसून, वाळवून, मलमलींत निराळें ठेवावें. तन्मण्याचा रेशमी दोरा भिजूं देऊं नये. जुन्या नथींतले बसऱ्याचे म्हणून सांगितलेले मोतीं हे इराणच्या आखातांतले नैसर्गिक मोतीं. तेथील मोत्यांचा धंदा १९३० नंतरच्या दशकांत बसला. तेव्हां गेलेल्या मोत्याच्या जोडीचें दुसरें मोतीं मिळणें कठीण.

आतां दारावर येऊन “दागिने उजळून देतों” म्हणणाऱ्याविषयीं. त्याला फाटकांतूनच नमस्कार करावा. एकटें नायट्रिक किंवा एकटें हायड्रोक्लोरिक अम्ल सोन्यास बाधत नाहीं; पण दोन्ही एकत्र केलीं, कीं होणाऱ्या आम्लराजांत सोनें विरघळतें. बांगडी लखलखीत होऊन परत येते, वजन मात्र त्याच्या भांड्यांत राहतें, आणि तें सोनें तो मागाहून काढून घेतो. दुपारीं घरांत वडील माणसें एकटीं असतांना हीं माणसें येतात, हेंही घरांत सर्वांस सांगून ठेवावें.

सराफाकडेही दागिना देतांना आपल्यासमोर वजन करवून पावतीवर लिहून घ्यावें, परत घेतांना पुन्हां करवावें. घरांत एक वही ठेवून प्रत्येक दागिन्याचें वजन, मोत्यांची संख्या आणि तारीख तींत लिहावी. एकत्र कुटुंबांत दागिना एकीच्या अंगावर असला तरी त्यावर अनेकींचा जीव असतो. वजन कमी भरलें आणि नोंद नसली, तर संशय परक्यावर न जातां जावाजावांत येतो, आणि तो मळ कोणत्याही रिठ्यानें निघत नाहीं. म्हणून यंदा डबा उघडाल तेव्हां नव्या सुनेला शेजारीं बसवा, वही तिच्या हातीं द्या, आणि कोणता दागिना धुवावा, कोणता नुसता पुसावा, हें तिला दाखवून ठेवा.