सातबारा नसलेले नुकसान

फाल्गुन-चैत्रातील चार-सहा आठवडे परसबागेच्या दृष्टीने निर्णायक. शेवग्याला शेंगा लागतात, आंब्यावर कैरी धरते, टोमॅटो फुलावर येतो. होळी जळाली, थंडी पळाली, या हिशेबावर आमच्या आजीच्या पिढीने आळी केली आणि वेल मांडवावर चढविले. हिशेब क्वचित चुके. पण तो हिशेब होता.

ज्या धोक्याची शक्यता मोजता येते ती जोखीम आणि जिची मोजताच येत नाही ती अनिश्चितता, असा भेद फ्रँक नाइट या अर्थशास्त्रज्ञाने १९२१ साली मांडला. आजीची जोखीम आज आपल्या हाती अनिश्चितता होऊन आली आहे. १९०१ पासूनच्या नोंदींत तोवरचा सर्वांत उष्ण मार्च देशाने २०२२ साली अनुभवला. २०२३ च्या फेब्रुवारीत दिवसाच्या तापमानाने तसाच उच्चांक गाठला आणि लागलीच मार्चमध्ये महाराष्ट्रात अवकाळी पाऊस व गारा कोसळल्या. पारा ३५ अंशांपलीकडे गेला की टोमॅटोचे परागकण निकामी होऊन फूल गळते. उलट आभाळ आले की मोहोरावर भुरी आणि करपा. एकाच पंधरवड्यात दोन्ही आल्यावर पाणी वाढवावे की तोडावे? उन्हाच्या भयाने प्रस्तुत लेखकाने दोडक्यावर हिरवी जाळी बांधली. तिसऱ्या दिवशी गारा साचून जाळीसह मांडव आडवा झाला. वेल गारांनी मेला की आमच्या उपायाने, यावर घरात अद्याप मतभेद आहेत.

नोकरदार घराला परसबाग हा लहानसा विमाच होता. बाजारात भाव चढले की घरची शेंग कामी येई. परंतु ज्या गारांनी आमचा मांडव पाडला त्यांनीच भोवतालचे भाजीचे मळेही झोडपले. म्हणजे विम्याची गरज ज्या आठवड्यात, नेमक्या त्याच आठवड्यात विमा बुडाला! आम्हा पगारदारांना वर्षातून दोनदा महागाई भत्त्याचा आधार तरी आहे. अंगणातला शेवगा आणि भोपळा हीच जिची भाजी, त्या भूमिहीन मजूर बाईला तोही नाही. शेतातील पीक ३३ टक्के वा अधिक गेले की मदतीसाठी पंचनामा होतो. २०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती. तिच्या अंगणाला सातबाराच नाही, मग पंचनामा कशाचा?

प्रत्येक वेलाला भरपाई द्या, असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. पण नोंद तरी व्हावी. कित्येक शाळांतून पोषण आहारासाठी परसबागा आहेत. फूल कोणत्या तारखेस आले, केव्हा गळाले, पाऊस किती पडला, हे तेथील मुलांनी वहीत टिपावे आणि शेजारच्या चार अंगणांची विचारपूसही त्याच वहीत असावी. पर्जन्यमापक नसल्यास सरळ भिंतींचे भांडे आणि एक मोजपट्टी पुरते. ही वही दरवर्षी ग्रामसभेपुढे ठेवण्यास कोणाची हरकत असावी असे वाटत नाही.